हिराची तीन बोटं

आमची हिरा भांडायच्या आधी पाणी प्यायची. खोटं नाही सांगत. बाजारात गिऱ्हाईकानं केळ्यांना नाव ठेवलं, सुनेनं भात करपवला, मी चिखलाच्या पायांनी ओटीवर चढलो, की ती आधी बाटली उघडणार, एक घोट तोंडात घोळवणार, गिळणार, मग तोंड सोडणार. समोरचा तोवर उभा. तेवढ्या वेळात तिच्या शब्दाला धार यायची. विचारलं तर म्हणायची, "आधी पाणी, मग वाणी."

ही सवय हौसेची नव्हती. तिच्या गालात कॅन्सर झाला होता. लग्न होऊन सांडोरला आली तेव्हापासून ती मिश्री लावायची, आणि डबी आणून द्यायचो मी. ते मी कधी विसरलो नाही आणि तिनं कधी बोलून दाखवलं नाही. ऑपरेशन झालं, मग दीड महिना रेडिएशन. आम्ही त्याला शेक म्हणतो. शेक संपला तेव्हा पाव्हणे म्हणाले, सुटली बाई. कसली सुटली? तोंडातली लाळ सुकली, चव गेली, मान लाकडासारखी झाली, आणि जबडा दिवसेंदिवस मिटायला लागला. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती. तिनं स्पष्ट सांगितलं, "आजी, रोज तोंड उघडायचा व्यायाम केला नाहीत तर जबडा असाच धरून बसेल. मग नळीनं जेवावं लागेल. तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, एवढं ध्यानात ठेवा."

तेव्हा हिराचं जेमतेम एक बोट जात होतं.

घरी आल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं. पेज द्या, नाहीतर देऊ नका. मला समजावता येत नाही, मला ओरडता येतं. मी ओरडलो. "पाणी नाही म्हणून केळ आडवी पडते, तू कशापायी पडलीस?" ती उठून बसली. बोलणं नीट फुटत नव्हतं, तरी म्हणाली, "केळीला ओरडून पाणी पाजता काय हो तुम्ही?" हसू आलं मला. तिलाही आलं, पण हसायला तोंड कुठं उघडत होतं!

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, थोडा वेळ तशाच ठेवायच्या, दोन दिवसांनी एक काडी वाढवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी समोर बसून मोजायचो. काड्या झाल्या की माझी परीक्षा. मी बोटं उभी करून तिच्या दातांत घालायचो. एक गेलं. दोन महिन्यांनी दुसरं अर्धं. मग दुसरं पूर्ण. तिसरं काही जाईना. मी चिडायचो, "कामचुकार!" ती पाणी पिऊन म्हणायची, "परीक्षा घेणारा कधी नापास झालाय का?"

वर्षभरानं तपासणीला गेलो. मी डॉक्टरांपुढे तक्रारच मांडली. "दोन बोटांवर अडकलीय, पुढे सरकत नाही."

डॉक्टर म्हणाले, "दाखवा बघू."

हिरानं पदर सावरला, आपली तीन बोटं उभी केली आणि सुपारी टाकावी तशी तोंडात घातली. सहज. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "काका, तुम्ही कोणाची बोटं घालत होता?"

मी माझा हात वर केला. आता माझी बोटं म्हणजे काय सांगू. जन्म केळीच्या वाडीत गेला. कोयता धरून सांधे फुगलेले, चिकानं कातडी काळी पडलेली. एकेक बोट वेलची केळ्याएवढं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. "अहो, पेशंटची बोटं मोजायची असतात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर बाईला नापास केलं मी. बाहेर आल्यावर विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं बाटली काढली. घोट घेतला. मुद्दाम सावकाश गिळला. "त्या पोरीनं पहिल्याच दिवशी माझीच बोटं घालून दाखवलेली. तुम्ही तेव्हा पाखाडीतल्या कट्ट्यावर बसल्यासारखे बाहेर गप्पा हाणत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं सांगून हात धुतले नाहीत तुम्ही. या वर्षात रोज सकाळी साबण लावून, नखं घासून माझ्यापुढे बसलात. मी कशाला सांगू?"

 

दुसऱ्या दिवशी मी काड्या आवरून ठेवल्या. तिनं परत काढल्या. म्हणाली, "डॉक्टरची परीक्षा झाली, तुमची राहिलीय." आणखी दोन वर्षं लागली. तिसरं बोट पेरापर्यंत गेलं, पुढे गेलं नाही. त्या दिवशी तिनं अख्खं जाडजूड राजेळी केळं हातात घेऊन, तुकडे न करता, चावून खाल्लं. चव अर्धीच आली म्हणाली. "अर्धी तर अर्धी. पूर्वी पुरी होती, ती मिश्रीत फुकट घालवत होते."

त्यानंतर ती पाच वर्षं जगली, आणि नुसती जगली नाही. बाजारात बसली, नातीच्या लग्नात नाचली. कोरडी भाकरी तिला कधीच गिळता आली नाही, कालवणात बुडवून खायची. दातांना जपायची. मिश्री लावणारी बाई दिसली की घोट घेऊन तिच्या मागे लागायची.

लोक कॅन्सरच्या नावानं टपून बसले होते. तिला नेलं हृदयानं. सकाळी केळीला पाणी सोडायला गेली आणि पाटाच्या कडेला बसली ती बसलीच. शेवटचं पाणी घालायला मला पुढे केलं. मी तुळशीचं पान हातात धरलं. तिचं तोंड मी हलकेच उघडायला गेलो, आणि ते उघडलं. आठ वर्षांची मेहनत होती ती.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतला पास्कल शेक घेऊन आला. माझ्याच वयाचा. जबडा आवळलेला, भिंतीकडे तोंड. त्याची बायको रडत म्हणाली, "दादा, तुमीच सांगा काय ते." मी हिराच्या काड्या आणि पाण्याची बाटली घेऊन गेलो. पास्कल माझ्या हाताकडे बघून दातांतून पुटपुटला, "तुजी बोटं नको रे बाबा, मरेन मी."

"तुझीच घाल," मी म्हटलं. "माझ्यात नापास होशील."

त्याचं आता दीड बोट जातं. मी रोज सकाळी जातो आणि समोर बसून मोजतो. माझ्या बोटांचं तिथं काही काम नाही. तरी निघताना मी साबण लावतो आणि नखं घासून हात धुतो.