सिस्टरची गोडी छाटणी

'दुखणार नाही' हे वाक्य सिस्टरच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, "खोक बरं एकदा." आपण खोकायचो, आणि खोकला संपेपर्यंत टाका त्यांच्या चिमट्यात आलेला असायचा. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्यासमोर खोकलेली आहेत. माझ्या हनुवटीचे टाके त्यांनी ओट्यावर बसवून काढले तेव्हा मी सहा वर्षांची होते. शेवटच्या टाक्याला मी खोकायचं विसरले आणि तेवढाच दुखला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांना नाव होतं, पण ते फक्त लाइट बिलावर. आणि आमच्या कुंपणापलीकडे, त्यांच्या अंगणात, द्राक्षाचा वेल होता. कामठीच्या छावणीतल्या एका जवानाचा अपघातात चिरडलेला पाय त्यांनी महिनाभर रोज ड्रेसिंग करून वाचवला होता. तो बर्फातल्या गावचा. सुट्टीवरून परतताना त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाची एक काडी आणून दिली. जात कोणती हे त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून वेलाचं नाव फौजी पडलं. माझे बाबा कुंपणावरून म्हणाले, सिस्टर, नागपुरात संत्रं लावा, हे मे महिन्यात पापडासारखं वाळेल. सिस्टरनी मे महिन्यात जुन्या साडीची सावली बांधली आणि फौजी जगला.

छाटणीचा दिवस ठरलेला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन यायच्या, पांढरी साडी घडी करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात कात्री. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. हिरवागार मांडव तासाभरात नुसत्या काड्यांवर आला आणि मी कुंपणाशी रडायला लागले. "काहून रडून राहिली वं?" त्यांनी वळूनही न पाहता विचारलं. मग जवळ बोलावून काडीवरचा फुगवटा दाखवला. याला डोळा म्हणायचं. काडीवर चार डोळे ठेवायचे, पाचव्याचा मोह करायचा नाही. "याले गोडी छाटणी म्हणतेत. एप्रिलात कापते ते नव्या काडीसाठी, आता कापून राहिली ते गोडीसाठी."

आठ-दहा दिवसांत ते डोळे उघडले, तेव्हापासून शाळेत जाताना मी रोज कुंपणाशी थांबू लागले. घड धरले की टाके काढायच्या त्याच बारीक कात्रीने सिस्टर त्यातले मणी कमी करत, उरलेल्यांना फुगायला जागा हवी म्हणून. डिसेंबरात आमची टमाट्याची रोपं थंडीने करपायची, गल्ली शेकोटीला यायची, आणि सिस्टर कानटोपी घालून वेलाखाली. थंडीचं त्याला काही नाही, म्हणायच्या, भीती उन्हाची. ऊन तापायच्या आत पिकला पाहिजे. आणि तो पिकायचा. फेब्रुवारी लागताच, बर्डीवर, बाजारात, द्राक्षांच्या गाड्या लागायच्या आधी, काळेभोर घड. त्यांनी ज्या ज्या पोराचे टाके काढले त्याच्या घरी एकेक वाटी जायची. बाबांनाही एक, पापडाचा विषय न काढता. बाबा ती खाली मान घालून संपवत.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. फौजीचं आता संपलं, असं मला वाटलं. त्या दसऱ्यानंतरच्या सकाळी सिस्टर काठी टेकत वेलाखाली आल्या, एका हाताने काडी धरली, अंगठ्याने डोळे मोजले आणि कात्री लावली. एकही काडी चुकली नाही. मी तोवर नोकरीला लागले होते, मोठी झाले होते, तरी दहा वर्षांच्या मुलीसारखी तोंड उघडं टाकून बघत राहिले. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चार वर्षं त्यांनी अशी, न बघता, छाटणी केली.

मग हात थरथरायला लागले. माझ्यामागे हा वेल कुणाच्या हाती, ही एकच काळजी त्यांना होती, आणि ती बोलून दाखवत त्यांनी एका दसऱ्यानंतर कात्री मला दिली. मी छाटलं, पण मन धजेना. कुठे सहा डोळे ठेवले, कुठे आठ, आणि सांगितलं चार. त्यांनी विश्वास ठेवला, हात लावून पाहिलं नाही. घड इतके लागले की मांडव वाकला. पण मणी हरभऱ्याएवढे राहिले, अर्धा मार्च सरला तरी हिरवे, आणि वर ऊन तापलं. बर्डीवर द्राक्षांचे ढीग, आमचा फौजी आंबट. त्या वर्षी कुणाकडेच वाटी गेली नाही. सिस्टरनी एक मणी तोंडात टाकला, मग हात वर करून एका काडीवरच्या फुटी मोजल्या. "आठ," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "तुले वेलाची दया आली वं. मी दया करत बसली असती, तर त्या फौजीचा पाय गेला असता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला त्यांना खुर्चीवर बसवून वेलाखाली आणलं. मी चार डोळे मोजले, कात्री लावली, आणि हात तिथेच अडला. पाठीमागून आवाज आला, "खोक बरं एकदा." मी खोकले. पाहते तो काडी खाली पडलेली. सकाळभर मी खोकत होते. बाबांनी कुंपणावरून विचारलं, सर्दी झाली का.

जानेवारीत सिस्टरना दवाखान्यात ठेवावं लागलं. सुई लावायला आलेली नवी नर्स म्हणाली, आजी, अजिबात दुखणार नाही. "खोटं काहून बोलतं वं? खोक म्हण." त्या पोरीने निमूट तसं म्हटलं, आणि सिस्टर खोकल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पहिला घड घेऊन गेले. त्यांनी एक मणी बोटांत फिरवला, जिभेवर ठेवला. मग म्हणाल्या, "चार." उरलेला घड त्या नर्सला द्यायला लावला. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

यंदा दसऱ्यानंतर मी एकटीच कात्री घेऊन त्यांच्या अंगणात गेले. घर बंद असतं. त्यांच्या पुतण्याने किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. पहिली काडी धरली, अंगठ्याने डोळे मोजले. मागे 'खोक' म्हणणारं कुणी नव्हतं, आणि कात्री तिथेच अडली. तेवढ्यात कुंपणापलीकडे कुणीतरी खोकलं, चांगला घसा खरवडून. बाबा खुर्ची टाकून बसले होते. मी वळून पाहिलं तसे म्हणाले, ठसका लागला. मी काडी कापली. दुसरी धरली, तेव्हा ते पुन्हा खोकले.