खालून येणाऱ्या विमानाची वाट

मुकुंदराव गोरे यांचा आवाज मला आधी भेटला; माणूस पुष्कळ नंतर.

मी हवाई रुग्णवाहिकेत परिचारक आहे. काही वर्षांपूर्वी झाशी जिल्ह्यातल्या एरच गावच्या शाळेतल्या शिक्षिका उषाबहेनजी स्कूटीवरून पडल्या. कवटीला तडा जाऊन आत हवा शिरली होती. झाशीहून त्यांना दिल्लीला न्यायचं ठरलं. विमान उंच गेलं की अशी हवा फुगते आणि मेंदू दाबला जातो, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, "खालूनच न्या."

पण दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांची रांग लागलेली असते आणि खालून येणारं छोटं विमान तिला आडवं जातं. नियंत्रण कक्षातल्या तरुण अधिकाऱ्यांनी रुग्ण आहे म्हटल्यावर मोठ्या मनानं सांगितलं, "वर या, तुम्हाला सगळ्यांच्या पुढे घालतो." वर येता येत नाही, असं आमच्या वैमानिकांनी कळवलं. मग उत्तर आलं, "तर तिथेच घिरट्या घाला." उषाबहेनजींची नाडी मंद होत चालली होती. त्यांचे भाऊ माझा हात धरून, आता का थांबलो म्हणून विचारत होते, "भैया, अब काय रुके?" मी मनातल्या मनात नामस्मरण करत होतो.

तेवढ्यात कानावरच्या यंत्रात दुसरा आवाज आला. अगदी संथ. "रुग्णाला काय सोसेल, ते आधी सांगा."

सांगितलं. त्या आवाजानं आम्हाला खालून सरळ वाट दिली आणि आमच्यासाठी रांगेतली विमानं वरच थोपवली. एका मोठ्या विमानाच्या वैमानिकांनी कुरकुर केली, तेव्हा तो आवाज एवढंच म्हणाला, "तुमच्याकडची सगळी माणसं बसलेली आहेत. खालच्या विमानातलं एक आडवं आहे."

आम्ही उतरलो, आभार मानले. पण आवाज दुसऱ्या विमानाकडे वळला होता.

झाशी माझी सासुरवाडी. पुढे एकदा गणपतीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या मराठी मंडळात प्रसादासाठी झुंबड उडाली असताना मागून कुणी म्हणालं, "पोरं आधी, मग काठीवाले. बाकीच्यांनी जागेवर थांबावं, सगळ्यांना मिळणार आहे." माझ्या हातातला द्रोण कलंडला. तोच आवाज! दिल्लीच्या नियंत्रण कक्षातून सुट्टीवर घरी आलेले मुकुंदराव मोदकांची परात घेऊन उभे होते. त्यांच्या पत्नी सुलभाताई हसून मला म्हणाल्या, "थांबावं, थांबावं! अहो, घरी पोळी तव्यावर असली तरी हेच ऐकते मी."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो, असं मीच ठरवून टाकलं. त्यांनी मला शिकवलं ते एकच. मदत करताना आपल्याला जे देता येतं ते आधी पुढे करू नये. समोरच्याला काय सोसेल ते आधी विचारावं. निवृत्त होऊन ते झाशीला परतले, तेव्हापासून सीपरी बाज़ारात कुणाचा रुग्ण दिल्लीला न्यायचा असला की लोक त्यांच्याकडे धावतात. मागे एका घरच्यांनी विमान जवळजवळ ठरवलंच होतं. मुकुंदरावांनी त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं, "त्यांना विचारा, रुग्णाला चढउतार सोसेल का?" डॉक्टरांनी रस्त्यानं ग्वाल्हेरच्या इस्पितळात न्यायला सांगितलं, तर मुकुंदराव स्वतः गाडीत पुढे बसून तिथपर्यंत गेले.

एवढा मान असूनही त्यांची फिरकी घ्यायला कुणी भीत नाही. परवा बाज़ारात ते हात वर करून उभे असता रिकामा ऑटो सरळ निघून गेला. पानवाले ओरडले, "भैयाजी, हवाई जहाज रोक लेत हते, ऑटो नईं रुक रओ?" मुकुंदराव सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्यांचा एक नियम मात्र मला फार कठीण वाटत आला. उतरवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे त्यांनी नोकरीभर कधी विचारलं नाही. ते नोकरीत असताना मी एकदा सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "वाईट ऐकलं तर पुढच्या विमानाला माझा कान कमी पडेल. चांगलं ऐकलं तरी पडेल." किती घरांत दिवा तेवत राहिला, हे कळण्याचा आनंद त्यांनी पुढच्या अनोळखी माणसासाठी सोडून दिला. याहून मोठी उपासना मी पाहिलेली नाही.

येत्या रविवारी त्यांची साठीशांत आहे. कणकेचे साठ दिवे लावून त्यांना ओवाळायचं आहे. पहिला दिवा लावायला एरचहून एक बाई येणार आहेत. त्या अजून शाळेत शिकवतात, पोरांवर ओरडतात, स्कूटीही चालवतात. "जिन साहब ने रस्ता दओ, उनें एक बेर देखने है," असं त्या कितीदा म्हणाल्या, आणि मी दरवेळी मुकुंदरावांचा नियम आठवून विषय बदलला.

मुकुंदराव, आता मागे दुसरं विमान नाही. आता विचारायला हरकत नाही. देवानं आपल्याला भरपूर आयुष्य द्यावं, पाय धडधाकट ठेवावेत, आणि ज्यांना ज्यांना आपण वाट दिलीत, त्या सगळ्यांनी एकेक करून आपल्या दारी यावं. रांग कशी लावायची, ते आपण सांगालच.