भाकरीला न्हाई म्हणलं की

काय बी इचारलं की "येळ आली की बघू, मामा," म्हणून मॅडम चष्मा डोक्यावर सरकवायच्या. मग साऱ्या खोलीत तोच चष्मा हुडकायच्या. मी सांगत नसायचो. तेवढीच करमणूक.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांचं आमचं वसतिगृह, तलवाड्याला. मी सैपाकी. शाळेत गेलतो एकदाच, मास्तरचा डबा द्यायला. मॅडम बीडहून यायच्या, कंप्युटरच्या कामाला. लेकरू आजारी पडलं की फडावर आईबापाच्या फोनवर निरोप गेला पाहिजे, हे त्यांचं काम.

एकदा मलाच इचारलं, "मामा, लेकरू आजारी हाय हे तुमाला कशावरून कळतं?"

"भाकरीला न्हाई म्हणलं की."

त्यांनी तसंच लिवलं! मी म्हणलं, "ओ, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो."

"असू द्या. जेवणाची हजेरी एक्सएमएलमधी हाय. हे नाव, हे गाव, ही भाकर, समद्याला खुणा लावलेल्या. त्यातून निरोप करणारा प्रोग्राम येगळा. निरोप कवा धाडायचा ती अट मी त्याच्या पोटात शिवत न्हाई, बाहेर एका ओळीत ठेवते. निरोपाच्या टायमाला तो ती ओळ वाचतो आन त्या दिवसाच्या हजेरीवर लावून बघतो."

मला एवढंच कळलं, माझं बोलणं रोज कुणीतरी ऐकणार. घरी बायको बी ऐकत न्हाई.

आन एका दुपारी मी भाकरी अशा करपवल्या, की कुत्र्यानं बी वास घेऊन तोंड फिरवलं. समदी लेकरं न्हाई म्हणली. प्रोग्राम लई आज्ञाधारक. समद्या आईबापाला निरोप गेला: तुमचं लेकरू आजारी हाय.

फोनवर फोन. एक माय रडत म्हणाली, "कोयता टाकून निघाले मी." मी तसाच मॅडमकडं पळालो.

मॅडमनी एकेका लेकराच्या हातात फोन दिला. "बोल मायसंगं." रडणारी माय लेकीचा आवाज ऐकून रस्त्यातनं माघारी फिरली.

"मॅडम, चूक माझी."

"तुमी भाकर करपवली. एकट्या लेकराची गोष्ट येगळी आन समद्यांची येगळी, हे लिवायचं मी इसरले."

मग त्यांनी ती ओळ तेवढी बदलली. प्रोग्रामला हात बी लावला न्हाई. एकट्यादुकट्यानं न्हाई म्हणलं तर आईबापाला निरोप. समद्यांनी म्हणलं तर मामाला. मला वाचता येत न्हाई, म्हणून माझा निरोप त्यांनी सोताच्या आवाजात भरून ठेवला.

पुढं एका पोरीनं भाकर बाजूला सारली. मला वाटलं, रुसली. निरोप गेला तसा मायचा फोन आला, हात लावून बघा म्हणाली. अंग तापलं होतं.

यंदा मॅडम न्हाईत. लांब, मोठ्या कामावर गेल्या. पर कधीमधी जेवणं झाल्यावर माझा फोन वाजतो, त्याच भरलेल्या आवाजात, "मामा, आज काय करपवलं?" आन मी चुलीपाशी उगंच फोनला हसत बसतो.

लेकरं म्हणतात, मामा मुद्दाम करपवतो. तुमी इस्वास ठेवू नका. मला मुद्दाम काहीच करता येत न्हाई.