झडतीतून सूट

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा विश्वास कुणावर आहे, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे: कुणावरच नाही. भावजींनी दाराचं कुलूप ओढून बघितलं तरी त्या पुन्हा ओढून बघणार. दुकानदार "ताजंच आहे" म्हणाला की आधी वास घेणार. तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात म्हणे. आमच्या ताई पाणीसुद्धा फुंकून पितील!

अशा बाईला कामही तसंच मिळालं. आमची कंपनी इस्पितळांसाठी प्रोग्रॅम बनवते. कुठल्या कोडवर भरवसा ठेवायचा, त्याला कुठल्या फाइलला हात लावू द्यायचा, हे ताई ठरवतात. ऑफिसात त्यांना 'कडी' म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. कुणी परवानगी मागायला गेलं की पहिला प्रश्न, "कशाला हवीय?" आणि "असू दे, पुढेमागे लागेल" असं म्हणणाऱ्याची तर धडगत नाही.

मी तिथेच प्रोग्रॅम लिहिते. वॉर्डातल्या पेशंटच्या औषधांची चिठ्ठी छापणारा प्रोग्रॅम हे माझं पहिलं मोठं काम. तो इस्पितळात चालला तर मी नोकरीत कायम, नाही तर रामराम, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. ऑफिसात तो सुरळीत चालायचा. इस्पितळात बसवला आणि पडद्यावर पाटी आली, 'या कोडला परवानगी नाही.' काढून पुन्हा बसवला, तरी तेच. मागे नर्सबाई हाताची घडी घालून उभ्या. माझी पाचावर धारण बसली.

तशीच ताईंकडे गेले. "ताई, तिथे सगळ्या परवानग्या देऊन टाका ना. एकदा चालू दे, मग बघू."

"मग कुणी बघत नसतं. तुझा प्रोग्रॅम मागतोय काय, ते सांग आधी."

"चिठ्ठी छापायचीय त्याला! अजून काय मागणार?"

"मग अडला कशाला? आणि तुझ्या मशीनवर मध्ये कुणी बसलं होतं का गं?"

झालं, चौकशी सुरू. त्यांना प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टरचा संशय, इस्पितळातल्या संगणकवाल्याचा संशय, आणि मला वाटलं, माझासुद्धा. खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. मनात आलं, हे यांचंच काम. धाकटी जाऊ आपल्या बरोबरीने खुर्ची टाकून बसणार, हे कुणाला रुचेल? मग मला सगळंच दिसायला लागलं. मी गेले की त्या पडद्यावरची खिडकी बंद करतात, टेस्टरशी हळू आवाजात बोलतात. घरी जेवताना मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि त्या माझ्याकडे.

"काय गं, बिनसलंय का तुमचं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो," दोघी एकदम म्हणालो.

सकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभीच राहिले. "ऑफिसात चालतो म्हणजे माझ्या कोडमध्ये खोट नाही. खोट तुमच्या कड्यांत आहे. दाखवा मला."

ताई ऑफिसच्या मशीनचे नियम उघडून एकेक खाली सरकवत गेल्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"दिव्याखाली अंधार. दुसरं काय."

आमच्याकडे प्रत्येकाच्या कोडवर त्याची डिजिटल सही असते. सही कुणाची का असेना, कोडची झडती होतेच. फक्त एका सहीला सूट होती: मागेल ते द्या, विचारू नका. ती सही माझी होती.

"तू नवीन होतीस," ताई पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "दर घटकेला कोड अडायचा आणि तू घरी येऊन रडायचीस. म्हटलं, रुळेपर्यंत राहू दे. मग काढायचं राहूनच गेलं."

म्हणून माझ्या प्रोग्रॅमला ऑफिसात कधी कुणी अडवलंच नव्हतं. तो अख्ख्या संगणकावर हात मारत सुटायचा आणि मला पत्ताही नव्हता. इस्पितळात ओळखीचं कुणी नाही, तिथे दारातच धरला. ताईंनी सूट काढली मात्र, तीच पाटी आमच्या पडद्यावरही आली. मग दोघींनी बसून त्याची हाव कमी केली. आपला एक फोल्डर वाचायचा, प्रिंटरशी बोलायचं, बस्स. दुपारी इस्पितळात चिठ्ठी छापून आली.

"सूट काढलीत ना, ताई? झालं मग. कुणाला कळायचंय?"

"मला कळलंय की."

आणि त्या उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग धावले. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"घरच्या माणसाला सूट?" साहेब म्हणाले. "आणखी किती जणांना दिलीत?"

"हिला एकटीलाच."

साहेबांनी हात पुढे केला. ताईंनी गळ्यातलं परवानग्यांचं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "उद्यापासून तुम्ही दुसरं काम बघा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमचा प्रोग्रॅम चालला. तुम्ही कायम." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काय काय मनात आणलं होतं मी या बाईबद्दल!

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय गं, चेहरे असे का? झालंय काय?"

मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझा दंड घट्ट दाबला.

"काही नाही, आई. हिची नोकरी कायम झाली," त्या म्हणाल्या आणि हातपाय धुवायला आत गेल्या.