लक्ष्मम्मांचा उरलेला हात

देगलूरच्या लक्ष्मम्मा आठवड्यातून दोनदा एसटीने नांदेडला डायलिसिसला येतात. सोबत सून तनुजा. सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या दंडात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला आहे. त्यावर बोट ठेवलं की आत वाहणाऱ्या रक्ताची घरघर जाणवते. उजव्या हातातला फिस्टुला कधीच बंद पडला. हाही गेला तर मानेत नळी. तशी नळी घेऊन आलेले लोक लक्ष्मम्मांनी शेजारच्या खाटेवर पाहिले होते.

यंदा घरघर मंदावली. शीर आतून अरुंद झाली होती. साध्या फुग्याने ती दोनदा रुंद करून झाली होती, आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा आवळली. आता डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. औषध लावलेला फुगा. त्याने शीर जास्त दिवस मोकळी राहू शकते, पण हमी नाही. किंवा शीर आतून उघडी धरणारी, कायमची बसणारी जाळी, म्हणजे स्टेंट.

डायलिसिसच्या खोलीत सल्ल्याला तोटा नसतो. अर्धापूरचे केळीवाले व्यंकटराव हे स्वतः जाळीधारक. जाळीचं वाण आपणच काढल्यासारखे ते बोलत.

"अक्का, जाळीच बसवा. मला दीड वर्ष झालं, काय बी तक्रार न्हाई."

त्यांची जाळी खांद्याजवळ होती आणि लक्ष्मम्मांची अडचण दंडात, हा फरक त्यांना किरकोळ वाटे. लक्ष्मम्मांनी जाळी ठरवली.

सही घेण्याआधी डॉक्टरांनी दंड पुन्हा पाहिला. अरुंद जागेवरच गोल वळ होता. हे काय, असं विचारल्यावर लक्ष्मम्मा तनुजाकडे बघू लागल्या आणि तनुजा भिंतीकडे.

"वाकीचा हाय. लग्नाकार्यात घालते. उजवा दंड सुजलाय, त्यावर चढंना," शेवटी लक्ष्मम्माच म्हणाल्या.

फिस्टुलाच्या हातात बांगडी नको, हे त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी मनगट मोकळं ठेवलं होतं. दंडाबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, शीर वाकीमुळेच आवळली असं नाही. पण बाहेरून दाब आला तर जाळी आत दबते, आणि दबलेली जाळी काढता येत नाही. वाकी तर यापुढे काहीही केलं तरी बंद.

लग्नं लक्ष्मम्मांच्या हातात नव्हती, भावकीच्या हातात होती, आणि तिथं वाकीशिवाय जाणं कठीण.

"फुगाच करा," त्या म्हणाल्या. "मला माझा भरवसा न्हाई."

औषधाच्या फुग्याने शीर मोकळी झाली. किती दिवस, हे तपासण्यांत कळेल. व्यंकटराव दोन डायलिसिस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या लग्नात लक्ष्मम्मा मोकळ्या दंडाने गेल्या. वाकी कुठं गेली, असं जावांनी विचारलं.

"मोडली," लक्ष्मम्मा म्हणाल्या, आणि डाव्या हातावर पदर ओढून जेवायला बसल्या.