आनंदराव परत येणार नाहीत म्हणे

आनंदराव सोमकुंवर कुठेही गेले तरी संध्याकाळपर्यंत घरी येतात, हे नागपुरात हुडकेश्वरच्या त्यांच्या गल्लीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. सासुरवाडी भंडाऱ्याची. नवीन जावई म्हणून सासूबाईंनी चांगलं चार दिवस राहायला बोलावलं, वडाभाताचा बेत केला, तर जावईबापू जेवले, हात धुतले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. चंद्रपूरला चुलतभावाच्या लग्नात तर हे नवरदेवाच्याही आधी मांडवातून निघाले होते. एसटीत नोकरी, खिशात फुकटचा पास. दुसऱ्या कुणी त्या पासावर अख्खा महाराष्ट्र पालथा घातला असता. आनंदरावांनी तो फक्त लवकर परतण्यासाठी वापरला. कारण विचारलं की म्हणत, "मले बाहेर झोप नाही येत गा."

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. गणेशपेठच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात गाड्या सोडल्या. कोणती गाडी कधी सुटली आणि परत कधी लागणार हे तोंडपाठ. सकाळी गेलेली गाडी वेळेत परतली नाही की यांचा घास घशात अडकायचा. 'लेट' हा शब्द घरात कुणी उच्चारला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे.

अशा माणसाबद्दल कॅनडाच्या व्हिसा ऑफिसरला शंका आली, की हा एकदा इकडे आला तर परत जाणार नाही.

त्याचं असं झालं. आनंदरावांची मुलगी रोशनी विनिपेग नावाच्या गावी नर्स आहे. तिची मुलगी गुंजन तिथेच जन्मली. बाळंतपणाला प्रेमिलाबाई जाऊन आल्या, चांगल्या सहा महिने राहून, आणि तेव्हापासून जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांचं मत "आमच्या कॅनडात" असं सुरू होतं. आनंदराव मात्र नातीला भेटले ते फोनवरच. त्यातही फोन धरायचा कसा हे त्यांना कधी जमलं नाही. त्यामुळे गुंजनच्या लेखी नागपूरचे आजोबा म्हणजे एक कपाळ आणि त्याच्या वर गरगर फिरणारा पंखा.

गुंजन तीन वर्षांची झाली त्या दिवशी रोशनीनं तिला केक दाखवायला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "बाबा, हे पोरगी आता उचलल्या नाही जात," ती हसत म्हणाली. आनंदराव हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "लेकरू उचलण्याजोगं आहे तवर एकदा जाऊन येतो म्हणतो."

प्रेमिलाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही? मुक्कामाले?"

"हो ना. तीन महिने."

प्रेमिलाबाईंना सोबत जाता येत नव्हतं. त्यांची नव्वदीची आई याच घरात खाटेवर होती आणि मुलगा नोकरीला परगावी. एकानं जायचं तर एकानं राहायचं, असा हिशोब होता. तेव्हा मोहिमेवर आनंदराव एकटेच निघाले, आणि पहिला मुक्काम पडला चौकातल्या दुर्गेशच्या ऑनलाइन सेंटरवर. तिथे आधार कार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं निघतं, मग व्हिसा का निघू नये?

दुर्गेशनं सांगितलं ते आनंदरावांनी मन लावून ऐकलं. पासपोर्ट हवा. रोशनीचं निमंत्रणाचं पत्र हवं, तिच्या पगाराचे आणि तिथल्या राहण्याचे कागद हवेत. यांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा कागद. मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला परगावी जायचं. "अन् काका, एक पत्र तुमचं. कशाले जाऊन राहिले, किती दिवस, अन् परत कायच्यासाठी येणार."

आनंदराव ठसे द्यायला रेल्वेनं हैदराबादला गेले. चारमिनार पाहून या, असं सगळ्यांनी बजावलं होतं. ते दहा बोटं टेकवून त्याच दिवशीच्या गाडीनं परत निघाले.

पत्र मात्र त्यांनी कुणालाही लिहू दिलं नाही. आयुष्यभर खात्याशी पत्रव्यवहार केलेला माणूस, भाषा जड आणि अक्षर सुरेख. दुर्गेशनं फक्त त्याचं इंग्रजी करायचं. आनंदरावांचं म्हणणं असं, की परक्याच्या घरी जाताना माणसानं मागे काही लटकतं ठेवू नये. म्हणून त्यांनी अभिमानानं लिहिलं: मी सेवानिवृत्त आहे. मुलीचं लग्न झालं आहे. घर मुलाला देऊन टाकलं आहे. विहाराच्या समितीचं कोषाध्यक्षपद सोडलं आहे, रोज सकाळी गल्लीच्या टाकीतून पाणी सोडायचं कामही दुसऱ्याकडे सोपवलं आहे. मी आता सर्व जबाबदाऱ्यांतून पूर्ण मोकळा झालो असून माझ्यामागे कोणताही व्याप नाही. तरी मुलीकडे निवांत राहण्यास परवानगी मिळावी.

दुर्गेशनं वाचून मान डोलावली. चांगलं वजनदार पत्र होतं. मुलीकडच्या सोयऱ्यांना पाठवलं असतं तर त्यांनी डोळे पुसले असते.

व्हिसा यायचा होता, पण गल्लीला धीर कुठला? विहारात शाल आणि फुलं देऊन सत्कार झाला. चौकात फ्लेक्स लागला: विदेश दौऱ्यानिमित्त आनंदराव सोमकुंवर यांना हार्दिक शुभेच्छा. त्यावर आनंदरावांचा फोटो आणि शेजारी एक विमान, आणि खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की विमान थोडं वाकडं करावं लागलं.

फ्लेक्स लागून काही आठवडे झाले आणि नकार आला.

दुर्गेशनं पडद्यावर वाचून दाखवलं. अर्जदाराचे स्वदेशात पुरेसे बंध दिसत नाहीत. मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही. आनंदरावांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग टोपी डोक्यावर ठेवून, चौक टाळून, मागच्या गल्लीनं घरी आले, कारण चौकात फ्लेक्स होता.

बातमी घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचली. लोकांना व्हिसा मिळाला नाही याचं दुःख होतंच, पण नकाराचं कारण कुणाला सहन होईना. बळीराम, म्हणजे ज्याच्याकडे आनंदरावांनी टाकीचं काम सोपवलं होतं तो, ओट्यावर बसून म्हणाला, "ह्या माणसावर असा शक? हा तं सोताचा साखरपुडा अर्धा टाकून घरी आला होता ना बे." म्हाताऱ्या सासूबाईंनाही खाटेवर पडल्या पडल्या कुणीतरी सांगितलं. त्यांना भंडाऱ्याचा वडाभात आठवला असावा. त्या दिवसभर मधूनच हसत होत्या.

आनंदरावांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांना राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं. लेकरं काही त्यासाठी थांबत नाहीत. फोनवर गुंजन आता खुर्चीवर स्वतः चढून बसत होती.

रोशनीनं फोनवर समजावलं. "बाबा, तुमचं पत्र वाचलं मी. तुम्ही तिथं काहीच ठेवलं नाही. तो ऑफिसर काय म्हणन? ह्या माणसाले परत बोलावणारं कोणीच नाही."

आनंदरावांनी पत्राची नक्कल काढून पुन्हा वाचली. मोकळं होणं ही मोठी गोष्ट आहे, असंच ते समजत आले होते. मोकळ्या माणसाची कुणाला भीती वाटेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मले तं व्हिसा एका झटक्यात भेटला होता," प्रेमिलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मी लिहून देल्लं होतं, आई म्हातारी आहे, अन् नवऱ्याले चहा नाही करता येत. मले यावंच लागते वापस."

"असं लिहलं होतं तू?"

"मंग? खोटं आहे का?"

तेव्हा आनंदरावांवर एक वेगळीच वेळ आली. सोडलेल्या जबाबदाऱ्या पुन्हा गोळा करत फिरण्याची. घराचं दुर्गेशनंच निस्तरलं. "काका, घर कागदावर कोणाच्या नावावर आहे?"

"माह्या. पण मनानं पोराले देऊन टाकलं."

"मन नाही दिसत तिकडे. टॅक्स पावती आणा."

विहारात गेले तर समितीची मंडळी जणू वाटच पाहत होती. नव्या कोषाध्यक्षाला वर्गणी मागायची लाज वाटे, त्यामुळे पेटी रिकामी होती. पद तिथल्या तिथे परत मिळालं, नेमणुकीच्या पत्रासकट. बळीरामनं तर टाकीची चावी मागायच्या आत हातात ठेवली. तो सकाळी वेळेवर उठत नसे आणि बायकांचं बोलणं खाऊन खाऊन बिचारा वाळला होता. "तुम्ही या तीन महिन्यांनी," तो म्हणाला, "पण या नक्की. तवर मी कसंबी ढकलतो." आनंदरावांच्या ध्यानात आलं की आपण ज्याला मोकळं होणं म्हणत होतो, त्यानं अर्धी गल्ली अडचणीत आली होती. त्यांना मनातून बरंही वाटलं, हे सांगायलाच हवं.

एवढं सगळं झाल्यावर पत्र लिहायला ते घरी टेबलाशी बसले. पावती, पद, टाकी, सगळं लिहून झालं. प्रेमिलाबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"अजी, मी कुठी आहे ह्याच्यात?"

"तू?"

"टाकी आहे, पेटी आहे. बायको नाही."

आनंदरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. एवढ्या वर्षांचा संसार झाला, पण असलं काही बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ज्या बाईकडे रोज संध्याकाळी परत यायचं तिला ते सांगायचं कशाला? शेवटी त्यांनी खाली मान घालून एक ओळ लिहिली, कागदाची घडी घातली आणि तिला न दाखवता चौकात गेले.

पण दुर्गेशला ती टाइप करायची होती. सेंटरमध्ये मतदार कार्डाची रांग लागलेली, आणि हा पोरगा कागद डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचतो: "माझी पत्नी प्रेमिला नागपुरात आहे. तिच्याशिवाय मला करमत नाही." रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. आनंदराव भिंतीवरचं दरपत्रक वाचू लागले.

"टाइप कर गा लवकर," ते म्हणाले.

त्या ओळीनं काम केलं की टॅक्स पावतीनं, हे कॅनडावाल्यांनाच माहीत. व्हिसा आला. चौकातला फ्लेक्स तोवर उन्हानं पिवळा पडला होता, पण आनंदरावांनी त्याच्याखालून मुद्दाम दोनदा चक्कर मारली.

विनिपेगच्या विमानतळावर गुंजन आईच्या मागे लपली होती. आनंदराव जवळ आले तशी तिनं आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या डोक्याच्या वर, छताकडे. पंखा नव्हता. ती गोंधळली. आनंदरावांनी सामान जमिनीवर ठेवलं आणि तिला उचललं. पोरगी चांगलीच जड होती, पण उचलण्याजोगी होती. गाडीपर्यंत त्यांनी तिला रोशनीकडे दिलं नाही.

पुढचं सांगायला आनंदरावांना आजही अवघड जातं. त्यांना तिथे पहिल्या दिवसापासून गाढ झोप लागली. सकाळी नातीचा हात धरून बागेत, दुपारी तिच्याशेजारी आडवं होणं, संध्याकाळी रोशनी ड्यूटीवरून आली की तिच्या ताटात पोळी वाढणं. चहा करायलाही शिकले, आणि हे नागपूरला कळू नये म्हणून रोशनीला शपथ घातली. तीन महिने कसे गेले त्यांना कळलं नाही. शेवटच्या आठवड्यात रोशनी म्हणाली, "बाबा, मुदत वाढवून मागता येते. अर्ज करू का?"

ते गुंजनचा हात धरून बागेत निघाले. संध्याकाळी प्रेमिलाबाईंना फोन लावला. आता फोन नीट धरता येत होता, पूर्ण चेहरा दिसत होता.

"त्या पयल्या ऑफिसरचं काही चुकलं नव्हतं वं," ते म्हणाले.

 दुर्गेशच्या रांगेतल्या बायकांनी 'करमत नाही'ची ती ओळ प्रेमिलाबाईंना त्याच दिवशी पोचवली होती. त्यांनी तिचा विषय कधी काढला नव्हता. आज काढला. "अन् दुसऱ्या कागदात लिहलं ते? ते खोटं होतं का?"

"नाही," आनंदराव म्हणाले. "तेबी खरंच आहे."

मुदत वाढवून मागितली नाही. ठरल्या तारखेला ते बॅग घेऊन विमानतळावर उभे होते. गुंजन कडेवर झोपली होती आणि तिची लाळ त्यांच्या स्वेटरवर गळत होती. समोरच्या पाटीवर विमानांच्या वेळा सरकत होत्या. दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते आनंदराव त्या पाटीकडे टक लावून पाहत होते. आपली गाडी लेट व्हावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटत होतं.

विमान वेळेवर सुटलं.