विरोधात एक

पक्षाच्या कचेरीत सगळे त्यांना टाइपबाई म्हणत. राष्ट्रीय अधिवेशनाचं इतिवृत्त एकतीस वर्षं त्याच टाइप करत आल्या होत्या, आणि तेही अधिवेशन भरायच्या आधी. आधी कळस मग पाया! ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, टाळ्या किती वेळ वाजल्या, सगळं सकाळीच तयार. मतदानानंतर इतिवृत्तावर अध्यक्षांची सही होईपर्यंत सभागृहाची बंद दारं उघडायची नाहीत, असा रिवाज. जुने अध्यक्ष न वाचताच सही ठोकत.

यंदा ते पायउतार होत होते आणि खुर्चीवर त्यांचा पुतण्या बसणार होता. बाईंचे यजमान चौथ्या रांगेतले प्रतिनिधी. सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "आज मी विरोधात हात वर करणार. एकटा असलो तरी."

"अहो, नसते उद्योग कशाला? हात दाखवून अवलक्षण!"

"किती वर्षं नुसती मान डोलवायची? ठरलं म्हणजे ठरलं."

बाई घाबरल्या. पण खरं सांगायचं तर लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याचा एवढा अभिमान वाटला. कचेरीत येऊन त्यांनी टाइप केलं, 'विरोधात – एक.' एकतीस वर्षांत एक तरी ओळ खरी होणार होती, म्हणून ती दोनदा वाचलीही.

दुपारी दारं लागली. पुतण्याच्या निवडीच्या ठरावाच्या बाजूने हातांचं रान उभं राहिलं. मग माइकवरून विचारलं गेलं, "विरोधात कोण?"

यजमान चष्मा पुसत होते. त्यांचा चष्मा पुसून होईतो मतदान संपलंसुद्धा.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कागद मंचावर जाऊन पोचला होता. नव्या अध्यक्षांनी पेन उघडलं आणि, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, चक्क वाचायला घेतलं. माइक चालूच होता.

"हा एक कोण?"

बाई मंचाखालच्या टेबलामागे उभ्या राहिल्या. "टायपिंगची चूक, साहेब."

"अक्षर चुकतं, बाई. अख्खा माणूस कसा चुकेल?"

सभागृह खो खो हसलं. बाईंनी चौथ्या रांगेकडे पाहिलं. अजूनही उठता आलं असतं त्यांना. पण यजमानही सगळ्यांबरोबर हसत होते.

बाईंना रडू आलं नाही, राग आला. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सांगणार कुणाला? बंद दारांआड आठशे माणसं घड्याळं बघत बसली आणि बाईंनी नव्याने टाइप केलं, 'विरोधात – कोणी नाही.' सही झाली. दारं उघडली.

बाहेर यजमानांनी त्यांची पिशवी हातात घेतली. "बरं सावरलंस हं तू. पुढच्या अधिवेशनाला मात्र बघच!"

 पुढचं इतिवृत्तही बाईंनाच टाइप करायचं होतं, आणि त्यात काय लिहायचं हे त्यांना आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.